डाव्या दाराचा दिवा

६ ऑक्टोबर, सोमवार

हंबीररावांनी आज भर बैठकीत फाइल माझ्याकडे सरकवली. संस्थेचे अध्यक्ष ते, त्यांनी सरकवलेली फाइल परत सरकवायची पद्धत आमच्याकडे नाही. म्हणाले, "विश्वजितसर, तुम्ही फिजिक्सवाले. दहा वर्षं नाटकांचं लाइट केलंय. उजेडाचं जे काय असंल ते तुमच्याकडं."

फाइलमध्ये अग्निशमन विभागाची नोटीस आहे. आमच्या सभागृहात चारशे वीस खुर्च्या आणि पाच दारं, पण अंधारात दार कुठे आहे हे सांगणारा एकही दिवा नाही. महिनाभरात एक्झिटचे बोर्ड आणि इमर्जन्सी दिवे बसवायचे, नाहीतर सभागृह कुणालाही द्यायचं नाही. १५ नोव्हेंबरपासून नाट्यस्पर्धेची फेरी आमच्याकडेच आहे.

मी लगेच हो म्हणालो. घरी येताना वाटलं, इतक्या लगेच का? यंदा राजवर्धनने त्याच्या नाटकाच्या प्रकाशयोजनेसाठी मला विचारलं नाही. संयोगिताला घेतलं, माझ्याच जुन्या विद्यार्थिनीला. त्या गोष्टीचा या फाइलशी संबंध नाही. पण चालताना मनात आली, म्हणून लिहून ठेवतो.

९ ऑक्टोबर, गुरुवार

काम बाबासोला दिलं. गडमुडशिंगीचा माणूस, पन्नाशीच्या आसपास. शिरोलीच्या एका फाउंड्रीत बरीच वर्षं वायरमन होता, आता स्वतःची कामं घेतो. मी नकाशा पसरला तर त्याने तो बघितलाच नाही. सहाव्या रांगेतल्या खुर्चीत जाऊन बसला आणि डोळे मिटले. मग तसाच उठून दाराकडे चालायला लागला. दोन खुर्च्यांना धडकला.

"बगा सर. रोजच्या हॉलमदी उजेडात कोन धडकत न्हाय. अंधार झाला की माणूस पयल्यांदा ज्या दारातनं आत आला तिकडंच पळतो. जवळचं दार त्याला दिसतच न्हाय."

डाव्या बाजूचं मधलं दार त्याने तीनदा पाहिलं. त्या दाराच्या उंबऱ्याशीच तीन पायऱ्या खाली उतरतात, अंगणात. नवीन माणसाला त्या कळत नाहीत. तो म्हणाला, हा बोर्ड भिंतीला चपटा नको, भिंतीतून पुढे आलेला आडवा बसवू. म्हणजे अक्षरं हॉलमधून दिसतील आणि खालचा उजेड पायऱ्यांवर पडेल. मला हे सुचलं नव्हतं.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

राजवर्धन कॉलेजच्या कँटीनमध्ये आला होता. आम्ही बी.एस्सी.ला एका बाकावर बसायचो, तेव्हापासून तो नाटकं बसवतो.

यंदाचं नाटक पुराचं आहे. एका घराच्या माडीवर तेरा माणसं अडकली आहेत, खाली पाणी चढतंय. कंदील विझतो. मग एक मिनिट पूर्ण काळोख. फक्त पाण्याचा आवाज, आणि घरातली म्हातारी एकेकाचं नाव घेऊन विचारते, आहेस का. एका नावाला उत्तर येत नाही.

हा काळोख माझा आहे. दोन वर्षांपूर्वी मीच त्याला म्हणालो होतो की पुराच्या रात्री आम्हाला पाणी दिसलंच नाही, फक्त ऐकू आलं. ते त्याने नाटकात घेतलं. घ्यावंच. पण कागदावर तसं कुठे लिहिलेलं नाही.

"डाव्या बोर्डाचा हिरवा उजेड थेट रंगमंचाच्या कडेवर येणार," तो म्हणाला. "त्याला एक बटण ठेव. मिनिटभर बंद, परत चालू. कुणाला कळायचं न्हाय."

"नोटिशीत स्पष्ट लिहिलंय. बटण ठेवायचं नाही."

"नोटीस काय वाचून दाखवतोस मला? लाइट तू करत असतास तर तूच पयलं बटण लावलं असतंस."

मी नाही म्हणालो. तो चहा तसाच ठेवून गेला. त्याचं शेवटचं वाक्य खोटं आहे असं मला छातीठोकपणे म्हणता येत नाही.

२७ ऑक्टोबर, सोमवार

दिवाळीनंतर आज कामाला सुरुवात. कॉलेज सुटल्यावर मी शिडीचा घोडा धरून उभा होतो आणि बाबासो वर ड्रिल मारत होता. भिंतीची पूड माझ्या चष्म्यावर. तो वरून विचारत होता, "सर, तुमी मुलांना करंट शिकवता, तुमाला कवा बसलाय का?" मी म्हणालो, एकदा. "मग ठीक हाय. न बसलेल्या माणसानं शिकवू नये."

१ नोव्हेंबर, शनिवार

अधिकारी येऊन गेले. मेन बंद केला आणि अर्ध्या सेकंदात सगळे इमर्जन्सी दिवे लागले. पाच दारांवर पाच हिरवे बोर्ड. डाव्या दाराच्या तिन्ही पायऱ्या स्वच्छ दिसत होत्या. अधिकारी म्हणाले, "चांगलं बसवलंय. मेन गेला तरच पांढरे दिवे लागतील. एरवी कार्यक्रमात अंधार केलात तर फक्त हे बोर्डच माणसाला वाट दाखवणार. एकही झाकायचा नाही. तुमच्या सहीने लिहून द्या." मी सही केली.

बाबासो नंतर म्हणाला, "नाटकवाली झाकणारच बगा. फाउंड्रीत गरम व्हतंय म्हणून लोक पंख्याच्या जाळ्या काढायची, तसंच हे."

"मी असेपर्यंत नाही झाकणार."

"मग झालं. सर, पयल्या दिवसाचे दोन पास मिळतील का? आयला आणायची हाय. तिनं जत्रंतला तमाशा बगितलाय, हॉलमदलं नाटक न्हाय. आन हे समदं म्या लावलंय ते बी दावतो की."

मी त्याला सहाव्या रांगेतल्या डाव्या टोकाच्या दोन खुर्च्या दिल्या. म्हाताऱ्या माणसाला उठायचं झालं तर दार जवळ असावं म्हणून.

८ नोव्हेंबर, शनिवार

रंगीत तालीम पाहिली. संयोगिताने काय केलं ते नीट लिहायला हवं, कारण ते चांगलं आहे.

काळोखाच्या आधी तिने मागे टांगलेल्या पांढऱ्या धोतरावर भरपूर उजेड सोडला, प्रेक्षकांच्या डोळ्यांवर येईल असा. आठ सेकंद. मग सगळं शून्य. बाजूला बोर्डाची हिरवी अक्षरं होतीच, पण रंगमंचावर काहीही दिसेना. डोळे दिपलेले. काळोख विहिरीसारखा खोल झाला. डोळ्याला अंधाराची सवय व्हायला वेळ लागतो हे मी दरवर्षी अकरावीला शिकवतो. मला ते सुचलं नाही.

"सर, तुमच्याच तासाला ऐकलं होतं," ती म्हणाली.

मी म्हणालो, छान आहे, पण पांढरा जरा पिवळट वाटतो. तिने दोनदा शिडीवर चढून दिवा तपासला. तो पिवळट नव्हता.

शेवटच्या वीस सेकंदांत डोळे सरावतात आणि डाव्या बोर्डाचा हिरवा उजेड म्हातारीच्या खांद्यावर दिसायला लागतो. राजवर्धनने सगळ्यांसमोर विचारलं, "विशू, ह्या वीस सेकंदांचं काय करतोस?" मी सगळ्यांसमोरच, जरुरीपेक्षा मोठ्याने म्हणालो, "बोर्ड झाकायचा नाही. माझी सही आहे."

९ नोव्हेंबर, रविवार

काल नाही म्हणताना मला बरं वाटलं होतं. हे लिहिल्याशिवाय झोप यायची नाही. नियम पाळल्याचं बरं वाटणं वेगळं. ते हे नव्हतं. नट, संयोगिता, राजवर्धन, सगळे माझ्याकडे बघत थांबले होते, त्याचं बरं वाटलं. लाइट माझं असतं तर मी त्याच वीस सेकंदांसाठी काय काय युक्त्या केल्या असत्या? मग माझ्या नकारातला किती भाग नोटिशीचा आणि किती भाग माझा? आणि माझा भाग मोठा असेल तर तो नकार बरोबर कसा?

दिवसभर याच्यातून बाहेर आलो नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

बाबासोच्या आई पडल्या. डाव्या दारात. उद्या लिहीन.

१६ नोव्हेंबर, रविवार

जसं घडलं तसं.

प्रयोग सातचा होता. साडेपाचला मी सभागृहात पाचही बोर्ड बघत होतो. राजवर्धन विंगेतून आला. मला वाटलं पुन्हा तेच मागणार. पण तो म्हणाला, "राहू दे, विशू. नियमाचं तुझं बरोबर हाय. पण खरं सांगू? पोरीनं चांगलं केलंय ते तुला सोसंना. दुसरं काय न्हाय त्यात." आणि तो निघाला.

मी त्याला हाक मारली नाही. लाइटच्या टेबलावरून काळ्या चिकटपट्टीचा रोल घेतला, डाव्या दाराशी खुर्ची ओढली, वर चढलो आणि बोर्ड चारी बाजूंनी झाकला. तो मागे वळून बघत होता. मी त्याला म्हणालो, "झालं? आता म्हण." तो माझ्या पाठीवर हात ठेवून गेला. मी तसा माणूस नाही हे दाखवायचं होतं. कुणाला, ते आता लिहिताना मला नीट सांगता येत नाही. त्यालाही आणि मलाही. संयोगिताला मी काही सांगितलं नाही. तिने काही मागितलंही नव्हतं.

बाबासो आईला घेऊन आला तेव्हा हॉल भरलेला होता, दिवे पूर्ण लागलेले होते. त्या उजेडात झाकलेला बोर्ड कुणाच्या नजरेत येत नाही. मीनाबाई बारीक अंगाच्या, इस्त्रीची हिरवट साडी, पायात नव्या चपला. तो त्यांना हात करून एकेक दिवा दाखवत होता. डाव्या दाराकडे त्याने मान न वळवता, बोलता बोलताच हात केला. मी आठव्या रांगेत होतो, मला त्याचं बोलणं ऐकू येत होतं: "आये, अंधार झाला आन काय वाटलंच, तर हिरवं दिसंल तिकडं जायचं. आपल्या अंगाला हाय ते दार."

मी तेव्हा उठू शकलो असतो. दिवे मंद व्हायला लागले होते. मी उठलो नाही.

पांढरा उजेड, मग काळोख. पाण्याचा आवाज. म्हातारी नावं घेत होती. दहाव्या-अकराव्या नावाला डावीकडे काहीतरी घसरल्याचा आणि आदळल्याचा आवाज आला. लोकांना तो नाटकातला वाटला. माझ्या शेजारचे गृहस्थ हळूच म्हणाले, "वा." मग बाबासोचा आवाज आला, "आये. आये, कुठं हाईस?" आणि संयोगिताने दिवे वर आणले.

मी धावलो. मीनाबाई तिसऱ्या पायरीखाली कुशीवर पडल्या होत्या. सगळे वाकलेले. आणि मी पहिल्यांदा काय केलं? भिंतीशी होती त्याच खुर्चीवर चढलो आणि पट्टी ओढून काढली. चुरगळून खिशात घातली. हिरवा उजेड पायऱ्यांवर पडला. कुणी वर बघितलं नाही. मला स्वतःला वाटत होतं की मी त्यांना दिसावं म्हणून उजेड करतोय.

त्यांना सीपीआर रुग्णालयात नेलं. काळोखात जीव घाबरा झाला म्हणून त्या दाराकडे उठून गेल्या होत्या, बाबासोला कळलंही नव्हतं. मागे दहा मिनिटांनी नाटक पुढे सुरू झालं. खुब्याचं हाड मोडलंय. मंगळवारी ऑपरेशन.

१७ नोव्हेंबर, सोमवार

हंबीररावांनी बैठक घेतली. पहिलाच प्रश्न, "दिवा चालू होता का न्हाय?"

मी तोंड उघडायच्या आत बाबासो म्हणाला, "चालू व्हता सायेब. आयला उचलताना म्या सोता बगितला. उजेड पायरीवर व्हता."

"मग कशी पडली म्हातारी?"

"वय झालं की तिचं. बहात्तर हाय. म्या रागावलो तिला, एवढा ढळढळीत दिवा दिसला न्हाय व्हय म्हणून."

आपल्या कामावर ठपका येऊ नये म्हणून तो ताठ बसला होता. सभागृहाची जबाबदारी माझी, म्हणून अहवाल मलाच लिहायला सांगितला. मी लिहिलं, 'वयोमानानुसार दृष्टी अधू असल्याने पायऱ्यांचा अंदाज न येऊन.' अक्षर चांगलं आलं होतं.

१९ नोव्हेंबर, बुधवार

राजवर्धन म्हणाला, "शुक्रवारी निकाल हाय. तोवर गप बस. म्हातारीचं ऑपरेशन नीट झालंय की, मी चौकशी केली." पट्टी मी त्याच्यासाठी लावली असं तो म्हणाला नाही. मीही म्हणालो नाही. ते खरं नव्हतं.

दुपारी संयोगिताने प्रयोगशाळेच्या दारात गाठलं. "सर, शनिवारी शेवटच्या वीस सेकंदांना हिरवा उजेड आलाच नाही. तुम्ही बोर्डाला काही केलं होतं का?"

"नाही."

"मला तो हवा होता. तालमीनंतर मी तो धरूनच बसवलं होतं. शेवटी बोट येते ना, तिचा दिवा लांबून खांद्यावर पडल्यासारखा दिसायचा." ती जायला वळली. "असू दे सर. मला वाटलं विचारावं."

ती वर्गात असतानाही असंच विचारायची. उत्तर आधी माहीत असायचं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

नाटक पहिलं आलं. प्रकाशयोजनेचंही पारितोषिक संयोगिताला.

मी आज पहिल्यांदा दवाखान्यात गेलो. आठवडाभर का गेलो नाही याची कारणं लिहीत बसत नाही. बाबासो बाहेर व्हरांड्यात बसला होता, दाढी वाढलेली.

"पाय बरा हाय म्हणत्यात डॉक्टर. पर ती उठंना सर. धरून चालायची चौकट आणून ठिवल्या पलंगापाशी, रोज सिस्टर येत्या, चला आजी म्हणत्या. ती हातच लावत न्हाय."

"दुखतंय का?"

"दुखण्याचं न्हाय. म्हणत्या, लावलेला दिवा मला दिसला न्हाय, म्हंजे माजी नजर गेली. आता पाय टाकला की परत पडणार. डोळ्याच्या डॉक्टरला दावलं. मोतीबिंदू हाय जरासा, पर तेवढ्यानं एवढा दिवा दिसायचा राहत न्हाय म्हणत्यात. तिला पटंना. समोरचं कॅलेंडर वाचून दावत्या, आन म्हणत्या हे उजेडातलं झालं, अंधारात मी आंधळीच." तो हातातली पाण्याची बाटली फिरवत राहिला. "गावात जुन्या कापडांच्या वाकळा शिवून देत्या लोकांच्या. घरी सांगून ठिवलंय, ज्यांची कापडं हायती त्यांना परत द्या. डॉक्टर म्हणत्यात, ह्या आठवड्यात उभी न्हाय राहिली तर मग कायमची पलंगावर. म्या का रागावलो तिला सर? माज्या दिव्याचं मला एवढं काय पडलं व्हतं?"

मी आत गेलो नाही. त्याला म्हणालो, होईल सगळं ठीक. माझ्या तोंडून हे वाक्य निघालं.

२३ नोव्हेंबर, रविवार

मी बोललो तर सभागृह बंद होईल, मुलांचं संमेलन जाईल, संस्थेचं नाव खराब होईल. ही यादी सकाळी केली. दुपारी वाचली तेव्हा लक्षात आलं की प्रत्येक ओळीत दुसऱ्याचं नुकसान आहे आणि माझं एकातही नाही. यादी फाडली. बाबासोच्या आईंचं काय ते मी यादीत लिहिलंच नव्हतं.

२४ नोव्हेंबर, सोमवार

सकाळी हंबीररावांना दुरुस्त अहवाल दिला. त्यांनी उभ्याउभ्याच वाचला. "हे कुणी मागितलं होतं तुमच्याकडं?" मी म्हणालो, कुणी नाही. "मग झालं वाटोळं. आता हे वर पाठवावं लागणार, तुमच्या सहीचं पत्र हाय तिकडं." त्यांनी कागद फाइलीत घातला. "जावा. आधी त्या म्हातारीकडं जावा."

बाबासो व्हरांड्यातच होता. मी बसलो नाही, उभ्याने सांगितलं. पट्टी, खुर्ची, खिसा, सगळं. हातातली पाण्याची बाटली त्याने तशीच धरून ठेवली होती. शेवटी म्हणाला, "पट्टी काढली कवा?"

"तुम्ही त्यांना उचलत होता तेव्हा."

"म्हंजे म्या खाली वाकलेलो, आन तुमी वर चढून." त्याने बाटली खाली ठेवली. "आन म्या मीटिंगमदी सांगितलं, सोता बगितला म्हणून. तुमी माज्या शेजारीच बसलेला."

"हो."

मला वाटलं तो मारेल. मारलं असतं तर सोपं झालं असतं, असंही वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज वाटली. तो म्हणाला, "मला काय सांगताय? तिला सांगा. माज्याकडनं ऐकलं तर म्हणंल, आयचं मन राखायला पोरगं गोष्ट करून सांगतंय."

मीनाबाई उशीला टेकून बसल्या होत्या. मी पलंगाच्या कडेला, खिडकीच्या बाजूला उभा राहिलो आणि परत सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, "म्हंजे दिवा व्हता?"

"होता. लागलेला होता. पण झाकलेला होता. कुणालाच दिसला नसता."

"तुमाला बी?"

"मलाही."

"झाकला कुणी?"

"मी."

"का वं, मास्तर?"

गेले सात आठवडे मी याच प्रश्नाची उत्तरं वहीत लिहितोय. त्यातलं एकही त्यांना सांगण्यासारखं नव्हतं. म्हणालो, "मला एक जण लागेल असं बोलला. त्याला खोटं पाडायला."

"एवढ्यासाठी?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. मग त्या मुलाला म्हणाल्या, "बाबा, कापडं परत दिली का रं लोकांची?"

"न्हाय अजून. ज्यांची हायती त्यांना निरोप धाडलाय."

"परत निरोप धाड. नगा म्हणावं येऊ." त्यांनी पांघरूण बाजूला केलं. "ती चौकट सरकव हिकडं."

बाबासोने चौकट पुढे आणली, सिस्टरला हाक मारायला वळला, पण त्या थांबल्या नाहीत. दोन्ही हातांनी धरून उठायला लागल्या. ओठ दाबलेले, कपाळावर घाम. मी पटकन हात पुढे केला.

"तुमी नगा धरू," त्या म्हणाल्या. "बाजूला व्हा. खिडकी अडवून हुबं हाय तुमी, मला फरशी दिसंना."

मी बाजूला झालो. त्या खाली फरशीकडे बघत एक पाऊल पुढे आल्या. मग थांबून, श्वास घेऊन, दुसरं.